आडवं लाकूड

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बाबा उकिडवे बसले होते आणि अंगठ्याच्या नखानं रंगाचा पोपडा उचलत होते. पोस्टाच्या तिकिटाएवढा राखाडी तुकडा अलगद सुटून आला. त्याच्या खालच्या अंगाला लाकडाची केसांसारखी बारीक लव चिकटली होती. तो त्यांनी लेकीपुढे धरला.

"रंग वाईट नव्हता," ते म्हणाले. "मारणारा वाईट होता. अस्तर न देताच मारलाय."

"मारणारा बरा असेल हो बाबा. इथे रंग मारायलाच नको होता."

मे महिन्यात सुरू झालेला हा वाद सप्टेंबरपर्यंत पुरला.

घर मध्य न्यू जर्सीतलं, एडिसनपासून वीसेक मिनिटांवरचं, १९९८ साली बांधलेलं. मागच्या दाराला लागून १६ बाय १२ फुटांचा लाकडी डेक. डेक म्हणजे खांबांवर उभा केलेला, जमिनीपासून तीन-चार फूट उंच असा फळ्यांचा उघडा माच. वर छप्पर नाही, कडेनं कठडा, उतरायला सहा पायऱ्या. अमेरिकेतल्या उपनगरी घरांना तो असतोच. शेगडी, खुर्च्या आणि तुळशीची कुंडी त्यावर उन्हाळा काढतात. आधीच्या मालकानं इथे फक्त पायऱ्यांना राखाडी रंग मारला होता आणि बाकीचा डेक तसाच सोडला होता. तसाच सोडलेला भाग चांदीसारखा करडा झाला होता, थोडा चिरला होता, पण धड होता. रंगवलेल्या पायऱ्यांची मात्र साल निघाल्यासारखी दशा होती.

बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले, मूळ घर देवगडच्या बाजूला. लेक औषध कंपनीत रसायनशास्त्रज्ञ. दोघांनाही पुरावा समोर दिसत होता आणि दोघांनीही त्यातून आपापल्या सोयीचा निष्कर्ष काढला होता.

बाबांच्या लेखी लाकूड म्हटलं की ऑइलपेंट. आधी पॉलिशपेपर, मग लांबी भरायची, मग अस्तर, मग रंगाचे दोन हात. खात्याच्या विश्रामगृहांची दारं-खिडक्या त्यांनी अशीच रंगवून घेतली होती. "आणि देवगडच्या बंदरातल्या होड्या बघ," ते म्हणाले. "पाण्यातच असतात. रंगवतातच ना त्यांना?"

"किती दिवसांनी रंगवतात?"

इथे बाबा जरा अडखळले. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. तेव्हा होड्या वर ओढतात, खरवडतात, भेगा भरतात आणि नव्यानं रंगवतात. "दरवर्षी," त्यांनी कबूल केलं.

"मग दरवर्षी खरवडायला तुम्ही याल?"

"तिकीट काढून दिलंस तर येईन की."

लेकीचा मुद्दा लाकडाच्या वागण्याचा होता. लाकूड पाणी पितं आणि फुगतं, वाळतं आणि आकसतं. त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ३० टक्के ओलावा त्यात भरेपर्यंत हे फुगणं चालू राहतं, आणि तेही लांबीत नाही, रुंदीत. रंगाचा थर इतका ताणला जात नाही. तो कुठेतरी तडकतो, त्या चिरेतून पाणी आत जातं, फळीच्या कापलेल्या टोकांतून जातं, खिळ्यांच्या भोकांतून जातं, खालच्या न रंगवलेल्या बाजूनं जातं. मग ऊन पडलं की आतला ओलावा वर यायला बघतो आणि वर आपण झाकण लावून ठेवलेलं असतं. पोपडे सुटतात ते तेव्हा.

"भिंतीवरची फळी उभी असते," ती म्हणाली. "पाणी ओघळून जातं, तिथे रंग वर्षानुवर्षं टिकतो. ही आडवी आहे. हिच्यावर पाऊस मुक्कामाला असतो. हिवाळ्यात तर बर्फ महिनाभर बसून राहतो."

हे तिचं घरगुती मत नव्हतं. अमेरिकेच्या वनखात्याची लाकूड संशोधन प्रयोगशाळा १९१० पासून विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन गावी आहे. तिचं 'वुड हँडबुक' १९३५ साली पहिल्यांदा निघालं आणि अजून त्याच्या सुधारित आवृत्त्या निघतात. डेकसारख्या आडव्या, उघड्या लाकडावर थर धरणारा रंग नको, लाकडात मुरणारा स्टेन हवा, असा या प्रयोगशाळेचा सल्ला आहे. मुरणारा स्टेन पृष्ठभागावर सालीसारखा बसत नाही. तो झिजतो, फिका पडतो. दोन-तीन वर्षांनी धुऊन पुन्हा एक हात दिला की झालं. खरवडायला काही उरतच नाही.

"मग रंगहीन तेलच का देत नाहीस?"

"ऊन अडवायला रंगद्रव्य लागतं."

लाकडाच्या धाग्यांना एकत्र धरून ठेवणारा लिग्निन नावाचा पदार्थ सूर्याच्या अतिनील किरणांनी तुटतो, पावसात धुऊन जातो आणि मागे उरतो तो करडेपणा आणि पायात शिरणारी कुसळं. स्टेनमधले रंगाचे कण ते किरण अडवतात. 'सीडर' नावानं मिळणाऱ्या तांबूस छटेत ते कण बहुधा लोहाच्या ऑक्साइडचे असतात. म्हणजे गेरूच. डब्यावर बरीच देखणी नावं असतात, पण आत कुंडीला लावतो तोच मामला, फक्त फार बारीक दळलेला.

गेरू ऐकल्यावर बाबा जरा सैलावले. पण त्यांचा खरा आक्षेप वेगळाच होता आणि तो त्यांनी चहा पिता पिता मांडला.

"तुमच्या लोकांनी लाकूड पावसात आडवं घातलंय, हाच मुळात येडेपणा आहे. आमच्याकडे लाकूड डोक्यावर असतं, पायाखाली जांभा. पडवीवर पाखं पार खाली उतरवलेलं. आणि तेवढ्यानं भागत नाही म्हणून पावसाआधी झावळांचे झाप विणून आडोसा करायचा. वासे शंभर वर्षं टिकले ते रंगानं नाही, कोरडे राहिले म्हणून टिकले."

"वाशांना काही लावत नव्हता?"

"लावत होतो ना. काजूच्या टरफलाचं तेल. वाळवी फिरकत नाही. हाताला लागलं तर मात्र फोड येतात."

"म्हणजे थर नाही, मुरणारं."

बाबांनी कप खाली ठेवला. "ते तेल वेगळं," ते म्हणाले.

वेगळं होतं खरं. पण हाताला येणाऱ्या त्या फोडांचं नातं या घराच्या परसापर्यंत पोचत होतं. मागच्याच आठवड्यात जावयानं डेकखालचं रान काढलं होतं आणि दोन्ही मनगटांवर पुरळ घेऊन बसला होता. पॉयझन आयव्ही नावाची तीन पानांची ती वेल आणि काजू एकाच कुळातले, आंबाही त्यातलाच. देवगडच्या माणसाला हापूसच्या चिकानं उठलेले फोड नवे नाहीत. बाबांनी जावयाची मनगटं पाहिली आणि निदान केलं: "चीक लागलाय."

जावयाचं स्वतःचं मत तिसरंच होतं. काही करू नका. आदल्या शनिवारी सगळे अटलांटिक सिटीला गेले होते. तिथला समुद्रालगतचा लाकडी बोर्डवॉक १८७० सालचा; हॉटेलांच्या दिवाणखान्यांत आणि आगगाडीच्या डब्यांत लोकांच्या पायांनी वाळू येऊ नये म्हणून बांधलेला. "त्याला कुठे कोण रंग लावतं?" तो म्हणाला. मुद्दा चुकीचा नव्हता, पण अर्धा होता. तिथे पालिका फळ्या बदलत राहते. घरमालकाच्या दिमतीला पालिका नसते. भुसा आणि प्लॅस्टिक मिसळून केलेल्या कंपोझिट फळ्या घालाव्यात, असंही त्यानं सुचवून पाहिलं. त्याचा खर्च ऐकून सासरे आणि बायको यांचं त्या महिन्यातलं पहिलं एकमत झालं.

बाबांनी एक मधला मार्गही काढला होता. बेलतेल, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं उकळलेलं जवसाचं तेल, फडक्यानं चोळायचं. थर नाही, भानगड नाही. लेकीनं तोही मोडीत काढला. दमट हवेत नुसतं जवसाचं तेल हे बुरशीचं जेवण. दोन पावसाळ्यांत डेक काळा पडतो.

रंग की स्टेन हा वाद असा बाबांच्या हातून निसटत चालला होता. पण कोणी करायचं, या दुसऱ्या वादात ते ठाम होते.

लेक पंधरा वर्षं अमेरिकेत राहून शनिवार-रविवार हातात ड्रिल घेणाऱ्यांतली झाली होती. तिची योजना तयार होती: भाड्यानं सँडर आणायचा, डेक घासून कोरा करायचा, सोडियम परकार्बोनेटच्या द्रावणानं धुवायचा, मग ऑक्झॅलिक आम्लानं उजळायचा, मग स्टेन. दोन सुट्ट्यांत काम खलास.

"कागदावर उत्तम आहे," बाबा म्हणाले. "माझ्या खात्यात कागदावरची कामं फार उत्तम व्हायची."

"तुम्हाला वाटतं मला जमणार नाही?"

"जमेल. चुकेलही. आणि चुकलं तर कोणाला धरणार? रंगाऱ्याला आपण पैसे रंगाचे देत नाही. त्यानं आधी असे पन्नास डेक बिघडवलेले असतात, त्याचे देतो."

लेकीला हे पटलं नाही. तिनं याच गल्लीत, रंगारी बोलावून, दोन उन्हाळ्यांत सोललेले डेक पाहिले होते. शेजारच्या बाईंनी तर दाबाचं पाणी मारणाऱ्या यंत्रानं डेक धुऊन घेतला होता आणि मऊ पाइनच्या फळ्यांवर शेवयांसारखे धागे उभे राहिले होते. माणूस बोलावला की काम चांगलं होतं, हा बाबांचा विश्वास तिला जुन्या काळातला वाटत होता. शिवाय तिला त्या कामाची हौस होती, हे तिनं मोठ्यानं म्हटलं नाही.

अखेर तडजोड अशी ठरली की तीन रंगारी बोलवायचे, तिघांचंही म्हणणं ऐकायचं, मग ठरवायचं. तीन कोटेशन हा शब्द उच्चारताना बाबांचा चेहरा निवृत्तीनंतर पहिल्यांदाच इतका खुललेला दिसला.

पहिला आला तो फोनवरच मोजमाप घेत. खाली वाकला नाही. दोन दिवस, दाबाच्या पाण्यानं धुलाई, 'सॉलिड', म्हणजे थर धरणाऱ्या स्टेनचे दोन हात, रंग कोणता हवा ते सांगा. दुसरा टापटीप होता, ईमेलवर छापील अंदाजपत्रक पाठवणारा. सगळा डेक सँडरनं घासून नव्यासारखा करून देतो म्हणाला. लेकीच्या योजनेच्या तो सगळ्यांत जवळचा होता आणि त्याचा आकडा पहिल्याच्या दुपटीहून जास्त होता.

तिसरा इक्वेडोरचा, पन्नाशीतला, बरोबर भाचा. आल्या आल्या तो रंगाबद्दल काहीच बोलला नाही. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून त्यानं तीन ठिकाणी थोडं थोडं पाणी ओतलं: मध्यावर, झाडाच्या सावलीत आणि जिन्याजवळ. मग हात पाठीमागे बांधून उभा राहिला. जिन्याजवळचं पाणी बघता बघता लाकडात शिरलं. सावलीतलं थेंबाथेंबांनी तसंच राहिलं. बाबा त्याच्या शेजारी जाऊन तसेच हात बांधून उभे राहिले. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती आणि दोघंही त्या पाण्याकडे बघत होते.

मग त्यानं खिशातून टोच्या काढला आणि डेक घराच्या भिंतीला जिथे जोडलेला असतो तिथली आडवी फळी टोचून पाहिली. ती सडली किंवा नुसत्या खिळ्यांवर असली तर माणसांसकट डेक खाली येतो. तसे अपघात अमेरिकेत दर उन्हाळ्यात होतात. इथे बोल्ट होते, लाकूड घट्ट होतं. मग त्यानं भाच्याकरवी एकच प्रश्न विचारला. डेक कोणत्या साली बांधला?

"१९९८. घराबरोबरच."

त्यानं मान हलवली. सँडर नाही, भाचा म्हणाला. कोणी लावत असेल तर लावू देऊ नका. आर्सेनिक.

लेक त्या रात्री दोन वाजेपर्यंत जागी होती. रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला अशी गोष्ट रंगाऱ्याकडून कळावी, याचा तिला मनापासून राग आला होता, आणि तो राग स्वतःवरच होता.

गोष्ट अशी. डेकचं साधं पाइन उघड्यावर टिकावं म्हणून ते मोठ्या नळकांड्यात घालून, आतली हवा काढून, दाबानं त्यात औषध भरतात. २००३ च्या अखेरपर्यंत ते औषध म्हणजे बहुतेक वेळा तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण असे. तांबं बुरशीला मारतं, आर्सेनिक वाळवीला, आणि क्रोमियम दोघांना लाकडात बांधून ठेवतं. २००२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं जाहीर केलं की उत्पादक घरगुती वापरासाठी हे लाकूड बनवणं थांबवणार आहेत. ३१ डिसेंबर २००३ ही शेवटची तारीख ठरली. त्यानंतरच्या लाकडात आर्सेनिक नाही, तांब्याची दुसरी संयुगं असतात. जुने डेक उखडून टाका, असं संस्थेनं सांगितलं नाही. घासू नका, जाळू नका, एवढं मात्र बजावलं. घासलं की विषारी भुगा उडतो. शिवाय ब्लीच, परकार्बोनेट, ऑक्झॅलिक आम्ल असली डेक धुण्याची जालीम रसायनंही अशा लाकडावर नकोत. त्यांनी आर्सेनिक सुटतं, किंवा क्रोमियमचं अधिक विषारी रूप तयार होऊ शकतं.

म्हणजे तिच्या योजनेच्या चार पायऱ्यांपैकी तीन गळाल्या. आणि बाबांच्या रंगाचीही वाट बंद झाली, कारण सरकारी सल्ला तिथेही स्पष्ट होता: अशा डेकवर थर धरणारा रंग नको, तो सुटला की खरवडावा लागतो. तेलावर आधारलेला, मुरणारा, अर्धपारदर्शक स्टेन वर्षा-दोन वर्षांनी देत राहिलं तर आर्सेनिक बाहेर झिरपणं कमी होऊ शकतं.

सकाळी तिनं हे सगळं बाबांना सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "आणि हे औषध शोधलं कोणी, माहीत आहे? सोंटी कामेशम. १९३३ साली. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेतले."

बाबा ताठ बसले. "अ‍ॅस्क्यू!" ते म्हणाले. "अगं, आमच्या स्पेसिफिकेशनमध्ये असायचं. अ‍ॅस्क्यू ट्रीटेड. आर्सेनिकचं 'अ‍ॅस', तांब्याचं 'क्यू'. खांबांना वापरायचे."

अमेरिकेतल्या कोट्यवधी परसांत पसरलेलं हे हिरवट झाकेचं लाकूड एका भारतीय संशोधकाच्या कामातून आलं, याचा अभिमान बाबांना दिवसभर पुरला. संध्याकाळी ते त्याच डेकवर अनवाणी चालत होते. मग थांबले, आत गेले आणि चपला घालून आले.

काम तिसऱ्याला द्यायचं, यावर आता कुणाचाच आक्षेप नव्हता. त्याचा आकडा मधला होता. "लोएस्ट टेंडर नको, असं लेखी म्हणायची सोय खात्यात कधी मिळाली नाही," बाबा म्हणाले आणि कागदपत्रांच्या मागे लागले.

इथे त्यांना न्यू जर्सीचा कायदा फार आवडला. घरदुरुस्तीचं काम करणाऱ्याला, रंगाऱ्यालाही, राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे नोंदणी करावी लागते. तो क्रमांक गाडीवर आणि करारावर दिसला पाहिजे. ५०० डॉलरच्या वरचं काम असेल तर करार लेखी हवा; कराराची प्रत मिळाल्यावर कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाला तो रद्द करता येतो. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर म्हणून किमान ५ लाख डॉलरचा विमा लागतो. बाबांनी गाडीच्या दारावरचा क्रमांक स्वतः जाऊन करारावरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. लेकीनं विचारलं ते भाच्याबद्दल: कामावर त्याला काही झालं तर त्याचा विमा आहे ना? त्याचाही कागद निघाला. पहिल्या रंगाऱ्यानं मात्र नोंदणीचा विषय काढल्यावर रोखीत सवलत देऊ केली होती.

करारासोबत बाबांनी स्वतःच्या अक्षरात एक पानाचं स्पेसिफिकेशन जोडलं. साधा साबण, पाणी, मऊ ब्रश. सँडिंग नाही. ओलावा १५ टक्क्यांच्या आत आल्याशिवाय डबा उघडायचा नाही. स्टेनचा एकच हात, लाकूड पिईल तेवढाच. वर उरलेला २० मिनिटांच्या आत पुसायचा. रंगाऱ्यानं भाच्याकडून ते वाचून घेतलं, खाली एक ओळ वाढवली आणि सही केली. ओळ पायऱ्यांबद्दल होती. रंगवलेल्या सहाही पायऱ्या खरवडण्याऐवजी काढून टाकायच्या आणि नव्या फळ्या घालायच्या, स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूंनी. नव्या औषधातल्या तांब्यामुळे साधे खिळे लवकर गंजतात. जुन्या फळ्या शेकोटीला वापरायची जावयाची कल्पना लेकीनं जागच्या जागी मोडून काढली. त्या कचऱ्यात गेल्या.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात काम झालं. तीन दिवसांपैकी पहिला गेला धुण्यात आणि पायऱ्या बदलण्यात. दुसरा दिवस वाळण्यात, म्हणजे बघणाऱ्याला काहीच घडत नाही असा. बाबांनी घडीची खुर्ची टाकून त्या न घडण्यावरही देखरेख केली. रंगारी संध्याकाळी फक्त मीटरच्या दोन सुया फळीत खुपसायला आला आणि मान हलवून परत गेला. सावलीतल्या फळ्या अजून १८ वर होत्या.

तिसऱ्या दिवशी दव उडून गेल्यावर आणि मीटरचा आकडा १५ च्या आत आल्यावर, साडेदहाला डबा उघडला. भाचा दोन-दोन फळ्या धरून टोकापासून टोकापर्यंत जायचा, मधे थांबायचा नाही. थांबलं की तिथे जोडाचा पट्टा उठतो. मामा मागून फडक्यानं पुसत यायचा. फळ्यांच्या कापलेल्या टोकांना त्यानं ब्रश टेकवून धरला आणि लाकूड स्टेन हावरटासारखा ओढून घेताना दिसलं. गेरूच्या रंगाखाली पाइनच्या रेषा, गाठी, पंचवीस वर्षांच्या चिरा, सगळं दिसत राहिलं. दुपारी अडीचला ब्रश धुतले गेले.

बाबांना चुकल्यासारखं झालं. "एवढंच?"

"रंगवणं एवढंच असतं," लेक म्हणाली. यात तिची आदल्या महिन्यातली दोन सुट्ट्यांची योजनाही आपोआप निकालात निघाली, हे तिच्या लक्षात आलं असावं, कारण पुढे ती काही बोलली नाही.

जाण्याआधी रंगाऱ्यानं तेलाची फडकी गोळा केली. कचऱ्याच्या पिशवीत न टाकता ती पत्र्याच्या डब्यात घातली, वर पाणी ओतलं, झाकण दाबून बसवलं. बाबांनी विचारलं, कशाला? स्टेनमधलं जवसासारखं तेल वाळतं ते हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन, आणि तेव्हा उष्णता निघते. चुरगळलेल्या फडक्यांच्या ढिगात ती कोंडली की ढीग आपोआप पेटतो. इथून तासा-दीड तासावरच्या फिलाडेल्फियात, २३ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री, वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत २२ व्या मजल्यावर अशीच फडकी पेटली होती. आग ३० व्या मजल्यावरच्या पाण्याच्या फवाऱ्यांनी अडवली. तोवर तीन अग्निशामक जवान गेले होते. लेकीनं हे सांगितलं तेव्हा बाबांनी विचारलं, "आणि तू हे घरी करणार होतीस तेव्हा फडकी कुठे टाकणार होतीस?"

ती म्हणाली, "गॅरेजमध्ये."

एक वाद मात्र उरला. कठडा. त्याचे गज उभे, पाणी ओघळून जाणारे, म्हणजे लेकीच्याच नियमानुसार तिथे रंग टिकायला हवा. बाबांना तो पांढरा हवा होता. लाकूड कसलंही असो, कठडा पांढरा असला की घर नांदतं दिसतं. लेक म्हणाली, नियम वेगळा, आर्सेनिक वेगळं. गज उभे असले तरी वरचा हातधर आडवाच आहे, आणि मुलं नेमका तोच धरतात. बाबा म्हणाले, हातधर सोडून गज रंगव. ती म्हणाली, मग ते झेब्र्यासारखं दिसेल. रंगाऱ्याला मध्यस्थी करायला लावली तेव्हा त्यानं दोघांकडे पाहिलं आणि भाच्याला काहीतरी सांगितलं. भाच्यानं भाषांतर केलं: "मामा म्हणतात, कठडा पुढच्या वर्षी."

पुढच्या जूनमध्ये देवगडला पाऊस लागला होता. पडवीला झाप बांधून झाले होते आणि बाबा त्यांच्या आडोशाला फोन घेऊन बसले होते. पलीकडे न्यू जर्सीत सकाळ, लख्ख ऊन. लेकीनं फोन खाली डेककडे वळवला, पाण्याची बाटली उघडली आणि मध्यावर थोडं ओतलं. थेंब गोल होऊन उभे राहिले.

"आता जिन्याजवळ," बाबा म्हणाले. "तिथे ऊन जास्त असतं. थांब, घड्याळ बघू दे."

तिनं ओतलं. दोघंही गप्प झाले. फोनमधून फक्त देवगडच्या पावसाचा आवाज येत होता. पहिल्या मिनिटाला थेंब गोल होते. चौथ्या मिनिटाला कडेचा एक थेंब पसरला आणि त्याच्याखालची फळी नाण्याएवढी गडद झाली.

"चार मिनिटं," बाबांनी वहीत लिहिलं. मग चष्म्याच्या वरून बघत म्हणाले, "तिथला एक हात सप्टेंबरमध्ये. त्याच माणसाला बोलाव. आणि कठड्याचं काय ठरलं?"